पोळ्याची फवारणी आणि बोंडअळीचे घड्याळ

काळीमाती, यवतमाळ (प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची नऊ एकर काळी जमीन आहे. त्यात कपाशी आणि तूर असते, आणि ओलिताची सोय असलेल्या दोन एकरांत हरभरा. वडिलांना शेतीची वही ठेवण्याची सवय होती. कोणत्या नक्षत्रात पेरले, पहिले फूल कधी दिसले, कीड कधी आली, कोणती फवारणी केली, हे सारे ते दोन-दोन ओळींत लिहून ठेवत. ते गेल्यापासून ती वही मी चालवतो आहे.

आमच्या भागात कपाशीची महत्त्वाची फवारणी पोळ्याच्या अमावास्येला धरून करायची, असा जुना रिवाज आहे. अंधाऱ्या रात्री पतंग अंडी घालतात, म्हणून अमावास्या चुकवू नये, असे वडील सांगत असत आणि मीही तसेच करत आलो. मात्र वही मागेपुढे चाळून पाहिली, तेव्हा एक गोष्ट खटकली. जुन्या पानांवर गुलाबी बोंडअळीची नोंद बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसते. अलीकडच्या काही पानांवर मात्र गणपतीतच डोमकळ्या (आत अळी असल्याने मिटून राहिलेली फुले) दिसल्याचे मी स्वतः लिहिलेले आहे. उलट हरभऱ्यावरील घाटेअळीचा काही नेम राहिलेला नाही. एखाद्या वर्षी ती लवकर येते, तर एखाद्या वर्षी आठ दिवस आभाळ आले की एकदम फुटते.

हे सर्व हवामान बदलल्यामुळे होत आहे, असे गावात प्रत्येक जण म्हणतो. ते खरे असेल, तर सर्वच किडी सारख्या दिवसांनी पुढे का सरकत नाहीत? आणि पोळ्याची फवारणी यापुढे ठेवावी, की मोडावी? यंदा, 2025 मध्ये, पोळा 22 ऑगस्टला आला आणि त्या दिवशी माझ्या कपाशीला बोंडे जवळजवळ नव्हतीच, म्हणून हे विचारतो आहे.

किडनिरीक्षक

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. ते आधी वेगळे करावे लागतील. मी अनेक वर्षे कीटकशास्त्र शिकवले आणि या गुंत्यात विद्यार्थीही हमखास अडकत असत.

पहिली गोष्ट तुलनेची. दसरा, दिवाळी, गणपती आणि पोळा हे सण चांद्र तिथींवर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबाने ते दरवर्षी मागेपुढे होतात. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून पोळा 14 सप्टेंबरला आला. 2024 मध्ये तो 2 सप्टेंबरला होता आणि यंदा, आपण म्हणता तसा, 22 ऑगस्टला. म्हणजे तीन वर्षांत पोळाच 23 दिवस सरकला. सूर्य, पाऊस आणि कपाशी यांना याची काही खबर नसते. पेरणी एकाच तारखेची धरली, तर 2023 च्या पोळ्याला पीक यंदाच्या पोळ्यापेक्षा 23 दिवसांनी मोठे असणार. तेव्हा ‘पूर्वी दिवाळीत, आता गणपतीत’ ही तुलना करण्यापूर्वी प्रत्येक नोंदीपुढे इंग्रजी तारीख लिहून काढावी. वडिलांनी नक्षत्रे लिहून ठेवली, हे फार चांगले झाले. पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनलाच लागतो, आणि म्हणून कीटकांच्या अभ्यासासाठी नक्षत्र हे सणापेक्षा कितीतरी भरवशाचे माप आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सर्व किडी सारख्या का सरकत नाहीत? कारण प्रत्येक कीड वेगळी खूण पाहून चालते. कीटकाला स्वतःची शरीरउष्णता राखता येत नाही. बाहेरची हवा जितकी उबदार, तितकी त्याची वाढ वेगाने होते. एका ठरावीक तापमानाखाली वाढ जवळजवळ थांबते आणि वरच्या बाजूसही एक मर्यादा असते, जिच्यापुढे उष्णता मारक ठरू लागते. या दोन मर्यादांच्या मध्ये दररोज जी ऊब मिळते, ती बँकेतल्या ठेवीसारखी साठत जाते, आणि ठरावीक रक्कम जमली की एक पिढी पूर्ण होते. फ्रान्समधील रेओम्यूर याने 1735 मध्ये पिकांच्या संदर्भात अशा बेरजेची कल्पना मांडली. आज कीड-अंदाजासाठी वापरतात ते अंश-दिवस हे तिचेच सुधारलेले रूप आहे.

पण ऊब ही एकच खूण नव्हे. गुलाबी बोंडअळी दिवसाची लांबीही मोजते. नागपूरच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो पावणेअकरा तासांपर्यंत उतरतो. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या, की पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच कोषात न जाता सरकीत किंवा वाळक्या बोंडात सुप्तावस्थेत बसतात आणि पुढच्या हंगामाची वाट पाहतात. दिवसाची लांबी हवामानबदलाने तसूभरही बदलणार नाही. रात्रीचा गारवा मात्र बदलू शकतो. रात्री उबदार राहिल्या, तर सुप्तावस्थेत जाणाऱ्या अळ्यांचे प्रमाण घटते, आणि शेतात बोंडे उभी असतील तर त्यांच्यावर आणखी एक पिढी वाढते. म्हणजे या किडीची एक खूण जागेवर आहे आणि दुसरी सरकते आहे. तिचे वेळापत्रक वेडेवाकडे दिसते ते यामुळे.

घाटेअळीबाबत आपण आभाळाचा उल्लेख केला, तो अगदी योग्य आहे. रब्बीत निरभ्र दिवशी कमाल 29 आणि किमान 9 अंश असेल, तर सरासरी 19 येते. आभाळ आले की कमाल 26 वर उतरते, पण रात्रीची उष्णता ढगांखाली अडकून किमान 16 वर चढते आणि सरासरी 21 होते. आपल्याला दिवस गार वाटतो, अळीला मात्र तो अधिक उबदार असतो.

कृष्णाकाठ, शिरोळ

वरील विवेचनाला आमच्या उसातील एक उदाहरण जोडतो, कारण आमच्याकडील हुमणी (मातीत राहून मुळे खाणारी अळी) ना ऊब मोजते ना दिवसाची लांबी. ती पाऊस मोजते.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. तिचे भुंगेरे जमिनीत तयार होऊन बसलेले असतात आणि वळवाचा पहिला दमदार पाऊस जमिनीत मुरला, की संध्याकाळी अंधार पडताना बाहेर निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर गोळा होतात. तेथेच पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. अंडी मातीत घातली जातात आणि अळी ऑगस्टपासून पुढे मुळांवर तुटून पडते. तेव्हा ऊस पिवळा दिसू लागतो. पण तोपर्यंत अळी मोठी होऊन खोल गेलेली असते आणि कोणतेही औषध तिला नीट पोहोचत नाही.

म्हणून आमच्याकडे सारा खेळ वळवानंतरच्या काही संध्याकाळींचा आहे. कंदील लावायचा किंवा प्रकाश सापळा, फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. पूर्वी गावाने मिळून हे केले, की बहुतांश भुंगेरे त्याच आठवड्यात हाती लागत. आता वळीव तुकड्यातुकड्यांनी पडतो. एका शिवारात मे महिन्याच्या मध्यास सर निघून जाते आणि शेजारच्या शिवारात जूनपर्यंत टिपूस पडत नाही. त्यामुळे भुंगेरे दोन-तीन हप्त्यांत निघतात. पहिल्या हप्त्याला गाव जागे असते. दुसऱ्या हप्त्यापर्यंत सगळे पेरणीच्या गडबडीत पडलेले असतात. पुढे जुलैत एकाच शेतात लहान आणि मोठ्या अशा दोन्ही अळ्या सापडतात, आणि मेटारायझियमसारखी हुमणीला मारणारी बुरशी नेमकी कधी द्यावी, हे कळेनासे होते, कारण ती लहान अळीवर चालते तशी मोठीवर चालत नाही.

तात्पर्य असे की आमची कीड लवकरही आलेली नाही आणि उशिराही नाही. ती पसरली आहे. तारखा मोजणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही.

सरकी, हिंगणघाट

हवामानाच्या चर्चेत मला थोडे विरजण घालावेसे वाटते. माझा जन्म जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या) आवारात गेला. गुलाबी बोंडअळी लवकर दिसू लागली, याचे खापर एकट्या आभाळावर फोडणे मला पटत नाही.

ही अळी पूर्वीपासून होतीच. 2002 मध्ये बीटी कपाशी (अळीला मारक जनुक घातलेली) आली आणि 2006 पासून दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा काही वर्षे ती जवळजवळ दिसेनाशी झाली. काळीमाती यांच्या वहीत मधली बरीच पाने या किडीबाबत कोरी असतील, तर ती याच काळातील असणार. पुढे 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी अळी सापडल्याचे जाहीर झाले, त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्यालाही, आणि 2017 च्या हंगामात आपल्याकडे या अळीने कपाशीचे किती नुकसान केले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा ‘पूर्वी उशिरा, आता लवकर’ या दोन टोकांच्या मध्ये हवामान जसे बदलले, तसे बियाणेही बदलले आणि अळीही बदलली.

दुसरे कारण फरदडीचे. ओलीत आहे, भाव आहे, म्हणून कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवायची. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटल्या तर जळणासाठी बांधावर सावलीत रचायच्या. आणि जिनिंगमध्ये कच्चा कापूस मे महिन्यापर्यंत येत राहायचा. या तिन्ही ठिकाणी अळी बसलेली असते. तिच्यातून जूनच्या सुमारास पतंग निघतात, आणि त्या वेळी शेतात पात्या (कळ्या) आणि फुले नसतील तर अंडी घालूनही त्यांची पिढी वाया जाते. पण कोणी ओलितावर एप्रिल-मे महिन्यांत लागवड केलेली असेल, तर जुलैत त्याच्या फुलांवर ती पिढी वाढते, आणि तिची पोरे ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या कोरडवाहू कपाशीवर उतरतात. गणपतीतली डोमकळी ही अशी येते. मध्यंतरी काही वर्षे कृषी विभागाने 1 जूनपूर्वी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांना विकण्यास मनाई करण्याचे धोरण ठेवले होते, ते याच साखळीचा पहिला दुवा तोडण्यासाठी.

अमेरिकेने ऑक्टोबर 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथेही उन्हाळे कडकच आहेत. बीटी कपाशी, नपुंसक केलेले पतंग सोडणे आणि हंगाम संपताच पऱ्हाटी गाडण्याची सक्ती, अशा अनेक उपायांची त्यांनी एकत्र सांगड घातली. मग आपणच हवामानाकडे बोट दाखवून का बसावे?

किडनिरीक्षक

सरकी यांचे बहुतांश म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात फरदडीचा उल्लेख ओझरता राहिला, ही त्रुटी खरीच. तथापि दोन्ही कारणे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे एका छोट्या हिशेबाने दाखवतो.

सोयीसाठी असे धरू, की वाढ 13 अंशांखाली थांबते आणि एका पिढीला 450 अंश-दिवस लागतात. (आकडा केवळ हिशेब कळण्यासाठी घेतला आहे.) सप्टेंबरात कमाल 32 आणि किमान 24 असेल, तर सरासरी 28, त्यातून 13 वजा जाता दररोज 15 अंश-दिवस जमा होतात आणि पिढी 30 दिवसांत पुरी होते. आता हवा दीड अंशाने तापली असे समजा. रोजचे 16.5 होतात आणि पिढीला सुमारे 27 दिवस लागतात. फरक तीन दिवसांचा. शेतात तो जाणवणारही नाही.

हाच हिशेब डिसेंबरासाठी करा. कमाल 29, किमान 13, सरासरी 21. रोज 8 अंश-दिवस, म्हणजे पिढीला 56 दिवस. दीड अंश वाढला की रोज 9.5 आणि पिढीला सुमारे 47 दिवस. येथे फरक नऊ दिवसांचा झाला. म्हणजे तापमानवाढ तेवढीच असली, तरी थंडीच्या दिवसांत तिचा परिणाम तिप्पट दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण फरदड उभी ठेवतो. पूर्वी थंडी अळीला रोखत असे. आता थंडीचा पहारा सैल झाला आहे आणि आपण कोठारही उघडे ठेवले आहे. पऱ्हाटी डिसेंबर अखेर शेताबाहेर गेली, तर हे वाचलेले नऊ दिवस अळीच्या काहीच कामाचे राहत नाहीत.

मे महिन्याबाबत मात्र हा सरळ हिशेब चालत नाही. विदर्भात पारा 44-45 वर गेला म्हणून अळी दुप्पट वेगाने वाढते, असे नव्हे. वरची मर्यादा ओलांडली की वाढ मंदावते, आणि उन्हात पसरलेल्या पऱ्हाट्यांतील अळ्या तापून मरतातही. सावलीतील गंजीत त्या वाचतात, हा सरकी यांचा मुद्दा येथे पुन्हा लागू पडतो.

आता पोळ्याच्या फवारणीविषयी. रिवाजामागचा तर्क अगदीच निराधार नव्हता. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात, ते चांदण्यामुळे दिव्याचे आकर्षण घटते म्हणून. त्यावरून अंधाऱ्या रात्रींकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. शिवाय पोळ्याच्या सुमारास कपाशी साधारणपणे पात्या-फुलांवर येते, ही दुसरी खूण त्यात आपोआप धरली जात होती. परंतु अंड्यातून निघालेली अळी लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते, आणि एकदा आत गेली की फवारा तिला लागत नाही. फवारणीची योग्य वेळ ही इतकी अरुंद असल्यामुळे 23 दिवसांनी हलणाऱ्या तिथीवर ती सोपवता येणार नाही.

त्याऐवजी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. पीक साधारण 45 दिवसांचे झाल्यावर ते लावले तरी चालतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा. सापळा एकटा पुरेसा नाही. त्याच्या जोडीने शेतात तिरपे फिरून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. दोन बोंडांत जिवंत अळी किंवा तिची खूण दिसली, म्हणजे दहा टक्के झाले आणि फवारणीची वेळ आली. बाहेरून बोंड निरोगी दिसते, त्यामुळे फोडल्यावाचून खरे कळत नाही. 2008 च्या सोयाबीनवरील अळीच्या उद्रेकानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्याचे सल्ले तालुक्यापुरते उपयोगी आहेत, पण आपल्या बांधावरची गोष्ट आपला सापळाच सांगेल.

काळीमाती, यवतमाळ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे रात्री वही घेऊन बसलो आणि तिथींपुढे तारखा लिहिल्या. मधली कोरी पाने खरोखरच निघाली. 2005 ते 2012 या काळात बोंडअळीचा एकही शब्द नाही. वडील थकले असतील म्हणून लिहिले नसेल, असे मी आजवर समजत होतो.

किडनिरीक्षक सरांच्या एका वाक्यात मात्र माझ्या वहीने थोडी दुरुस्ती सुचवली आहे. ‘पेरणी एकाच तारखेची धरली तर’ असे आपण म्हणालात, पण ती एकाच तारखेची नसते. 2023 मध्ये पाऊस लांबला आणि माझी पेरणी 30 जूनला झाली. पोळा 14 सप्टेंबरला, म्हणजे पीक 76 दिवसांचे. 2024 मध्ये पेरणी 20 जूनची आणि पोळा 2 सप्टेंबरचा, म्हणजे 74 दिवस. यंदा 18 जूनला पेरले आणि पोळ्याला पीक 65 दिवसांचेच भरले. पहिल्या दोन वर्षांत पोळा बारा दिवसांनी हलला, तरी पिकाच्या वयात दोनच दिवसांचा फरक पडला, म्हणून माझी फवारणी बरी लागली असावी आणि रिवाजावरचा विश्वास टिकला. यंदा तो योग जुळला नाही.

कपाशीचे वय, पोळा आणि पतंग हे तिघे स्वतंत्र चालतात, हे आता लक्षात आले. एक शंका उरली आहे. माझ्या पश्चिमेच्या बांधाला लागून शेजाऱ्याची ओलिताची मे महिन्यातली लागवड आहे. त्या बाजूचा सापळा भरेल आणि पूर्वेचा रिकामा राहील, असे झाले, तर सर्व कपाशीवर फवारावे का?

किडनिरीक्षक

आपली दुरुस्ती मान्य आहे. मी पेरणीची तारीख गृहीत धरली, ती धरायला नको होती.

शंकेबाबत असे करावे. कामगंध सापळ्यात केवळ नर येतात, आणि ते वाऱ्याबरोबर बाहेरूनही येतात. त्यामुळे पश्चिमेचा सापळा भरला म्हणजे आपल्याच बोंडांत अळी आहे, असे सिद्ध होत नाही. पश्चिमेच्या पट्ट्यातील वीस आणि पूर्वेच्या पट्ट्यातील वीस अशी बोंडे वेगवेगळी फोडा. पश्चिमेला दोन किंवा अधिक किडकी बोंडे सापडली आणि पूर्वेला एकही नाही, तर फवारणी त्या पट्ट्यापुरतीच करा आणि चार-पाच दिवसांनी पूर्वेची बोंडे पुन्हा तपासा. पूर्वेला ट्रायकोकार्डे (ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक शेतात सोडण्यासाठीची कार्डे) लावलेली असतील, तर तेथे फवारा न नेणे अधिकच श्रेयस्कर, कारण अंड्यांवर जगणारे ते चिमुकले मित्रकीटक औषधाला अळीहून आधी बळी पडतात. कार्डे उन्हात लावू नयेत, सायंकाळी पानाच्या खालच्या बाजूस लावावीत. सापळ्यातील ल्यूर (गंधाची कुपी) पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदलावा. जुना ल्यूर तसाच राहिल्यामुळे ‘पतंग नाहीत’ असे समजून गाफील राहिलेले शेतकरी मी बरेच पाहिले आहेत.

सरकी, हिंगणघाट

शेजाऱ्यालाही दोन सापळे घेऊन द्या. सापळ्यांचा खर्च एका फवारणीपेक्षा कमीच येतो, आणि मे महिन्यात लागवड करू नका असे तोंडाने सांगण्यापेक्षा, जुलैत त्याच्या स्वतःच्या सापळ्यातले पतंग त्याला मोजू दिलेले बरे.